उंच केलेली जीप आणि तिचे हादरे

मोटारगाडी मुळांत जमिनीपासून जेवढी उंच असते तेवढी पुरेशी नाहीं, असें मानणारा एक वर्ग अलीकडे आपल्या तरुण मंडळींत वाढीस लागला आहे. सह्याद्रींतील कच्च्या वाटा, ओढ्यांचे उतार, पावसाळ्यांतील चिखल यांतून गाडी न्यावयाची तर तिचें पोट दगडास लागतां कामा नये, हा त्यांचा युक्तिवाद खोटा नाहीं. म्हणून जीप किंवा तत्सम गाडी घरीं आली कीं ती गॅरेजांत नेऊन दोन, तीन, क्वचित् चार इंच उचलून घेतात व चाकेंहि मोठीं बसवितात. गाडी ऐटदार दिसूं लागते. पुढें महिन्याभरांत घरांतील वडील माणसें तींत बसण्याचें टाळतात. कोणी कंबरेचें निमित्त सांगतें, कोणी उन्हाचें. "गाडी उंच केल्यापासून फार आदळते, आतां ती विकून टाकावी काय?" असें विचारणारीं पत्रें या सदराकडे आलेलीं आहेत, आणि त्यांतील बहुतेक पत्रांचें अक्षर बायकांचें आहे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

या सर्वांस उत्तर एकच कीं, विकण्याची घाई करूं नये. आणि गॅरेजवाला सुचवील त्या नव्या, महागड्या वस्तूहि लागलीच बसवूं नयेत. गाडी उंच झाली म्हणून आदळत नाहीं. ज्या रीतीनें उंच केली त्या रीतीनें ती ताठर झाली, म्हणून आदळते. उंची आणि ताठरपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी काढून पहिली बव्हंशीं राखतां येते.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस येथें 'सुख' हा शब्द आठवल्यावांचून राहणार नाहीं. 'ख' म्हणजे भोंक, चाकाच्या तुंब्यांत आंस बसतो तें. तें ज्याचें चांगलें तो रथ 'सुख', अशी एक व्युत्पत्ति कोशकार देतात, आणि ऋग्वेदांत हें विशेषण रथास लाविलेलें आढळतें. 'दुःख' शब्द त्याच धर्तीवर झाला कीं त्याचें मूळ निराळें, याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. ज्यानें ताठर जीपच्या मागच्या बाकावर बसून ताम्हिणी घाट ओलांडला तो कोणत्या पक्षास मिळेल हें सांगावयास नको!

आतां गाडी उंच कशी करतात तें पाहूं. एक रीत अशी कीं, खालची लोखंडी चौकट जशीच्या तशी ठेवून तिच्यावर ठोकळे घालावयाचे व त्यांवर वरचा सांगाडा बसवावयाचा. दुसरी, मागील आंस व पाटे यांच्यामध्यें लोखंडी ठोकळा घालण्याची. (पुढील आंसास हा ठोकळा कधींहि घालूं नये; ब्रेक लागतांना तो निसटण्याचें भय असतें.) तिसरी रीत, ज्या गाडींत पाटे आंसाच्या खालून गेलेले असतात तींत ते उचलून आंसाच्या वर बसविण्याची. या तिन्ही रीतींत पाटे तेच राहतात, त्यांची लवचिकता तीच राहते, आणि गाडी पूर्वीपेक्षां अधिक आदळण्याचें मुळांत कारण राहत नाहीं. चौथी रीत सर्वांत स्वस्त व म्हणून सर्वांत प्रचलित: जुन्या पाट्यांत आणखी एकदोन पाटे भरावयाचे, किंवा आहेत त्यांस अधिक बांक द्यावयाचा. पाटे वाढले कीं कमान वर उचलते खरी, पण ती वाकावयाचें विसरते. आमच्या घरीं हेंच घडलें होतें.

माझ्या पुतण्याची जीप जुन्या घडणीची, चारही चाकांस पाटे असलेली. या कुळाचा मूळपुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन विलीज जीप. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत महिंद्र कंपनीनें तिची जुळणी सुरू केली, आणि पाट्यांची ती रचना पुढें कित्येक दशकें आपल्याकडील जीपगाड्यांत टिकली. लष्करी ओझें वाहावयाचें म्हणून पाटे मुळांतच खंबीर. त्यांत एका गॅरेजवाल्यानें प्रत्येक कमानींत दोन दोन पाटे वाढवून गाडी तीन इंच उचलून दिली, जाड भिंतीचे मोठे टायर घातले आणि त्यांत ३६ पौंड हवा ठासली. पुतण्या खूष झाला. पण माझी थोरली बहीण, आमच्या घरांत तिला सगळे आक्का म्हणतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. हाडें ठिसूळ झाल्यामुळें तिच्या कण्याचा एक मणका पूर्वीं एकदां दबला आहे. अशा कण्यास पडण्याझडण्याचीहि गरज नसते, बसल्या जागीं लागलेला एक जोराचा दणकाहि दुसरा मणका दाबावयास पुरतो, असें डॉक्टरांनीं तिला स्पष्ट सांगितलें होतें. इकडे दापोलीच्या बाजूचें आमचें जुनें घर मोडकळीस आलेलें, आणि तें उतरविण्यापूर्वीं एकदां पाहावयाचें, एवढा एकच हट्ट तिनें धरला होता. शेवटचा चार किलोमीटरचा रस्ता असा कीं तेथें दुसरी गाडी जात नाहीं. तेव्हां जीप नरम करणें किंवा आक्कानें घर न पाहणें, एवढे दोनच मार्ग होते.

पुतण्यास गॅरेजवाल्याचा सल्ला होता तो असा कीं, परदेशी बनावटीचे चार शॉकअप घालावे, म्हणजे सर्व ठीक होईल. शॉकअप या वस्तूविषयीं लोकांचा जो गैरसमज आहे तो येथें दूर केला पाहिजे. दणका झेलण्याचें काम पाट्याचें आहे, शॉकअपचें नव्हे. पाटा दणका गिळतो आणि नंतर वरखालीं झुलूं लागतो. तें झुलणें थांबविण्याचें काम शॉकअपमधील तेल करतें. पाटा जर गिळतच नसेल तर उत्तम शॉकअप तरी काय करणार? उलट नवा शॉकअप पूर्वीच्यापेक्षां कडक असला तर दणक्यांत भरच पडते. म्हणून मीं पुतण्यास म्हटलें, "पैसे खिशांत राहूं देत, आधीं फूटपट्टी आण."

ताठरपणा मोजण्याची एक सोपी रीत आहे, आणि ती सातवींतल्या मुलासहि जमेल. गाडी सपाट जागीं उभी करून चौकटीपासून आंसापर्यंतचें अंतर मोजावें. मग त्या चाकाचा शॉकअप खालून सोडून, चौकटीस जॅक व भक्कम आधार देऊन, चाक अधांतरीं लोंबेपर्यंत गाडी उचलावी व तेंच अंतर पुन्हां मोजावें. दोहोंतील फरक म्हणजे गाडीच्या भारानें पाटा किती दबतो तें. चाकाच्या वजनानें लोंबता पाटा थोडा खालीं ओढला जातो, तेवढी चूक सोडून द्यावी. हा फरक सेंटीमीटरांत घेऊन त्याचें वर्गमूळ काढावें आणि त्यानें ५ ला भागावें. गाडी सेकंदास किती वेळां झुलूं पाहते तो आंकडा मिळतो. पंचवीस सेंटीमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदास एकदां झुलते, चार सेंटीमीटर दबणारी अडीच वेळां. सुखासनाच्या मोटारी सेकंदास एक ते दीड या मर्यादेंत ठेवतात. आपण चालतों तेव्हां सेकंदास सुमारें दोन पावलें टाकतों, म्हणून दोनपर्यंतची गति शरीर निमूटपणें सोसतें. बसलेल्या माणसाच्या धडास उभ्या दिशेनें सर्वांत अधिक जाचणारे हादरे म्हणजे सेकंदास चार ते आठ. तेथें कणा व पोट स्वतःच गाडीबरोबर नाचूं लागतात.

आमच्या जीपचा पुढचा पाटा चार सेंटीमीटर दबत होता, म्हणजे गति अडीच. एवढी ती वाईट खरी, पण आक्काला दोन किलोमीटरांत उतरावें लागावें इतकी नव्हे. तेव्हां आणखी कांहीं तरी असलें पाहिजे, असा तर्क केला. आणि तो पाट्यांच्या मधल्या गंजांत सांपडला. कमान वाकते तेव्हां एक पाटा दुसऱ्यावरून घसरावा लागतो. गंजलेले, चिखलानें भरलेले, वर आणखी दोन पाटे घालून करकचून आवळलेले पाटे लहान खड्ड्यावर घसरतच नाहींत. सर्व कमान एक लोखंडी दांडा होते. मग गाडी केवळ टायरांवर झुलते, आणि टायरांची ती गति सेकंदास तीन-चारच्या पुढें, म्हणजे नेमकी कण्याच्या वर्मावर! म्हणून अशी गाडी मोठ्या खड्ड्यापेक्षां बारीक खडीच्या रस्त्यावर अधिक छळते. आपल्या गाडीचें असें होत असेल तर दोष कोठें आहे हें आतां निराळें सांगावयास नको.

उपायांचा क्रम खर्चाच्या क्रमानें असावा. पहिला उपाय फुकटचा, हवा. दारावर किंवा पुस्तिकेंत जो आंकडा असतो तो मूळच्या टायरांचा. मोठ्या टायरांत हवा अधिक मावते, म्हणून तोच भार कमी दाबावर उचलला जातो. दाब किती असावा यासाठीं माझ्या पूर्वीच्या धंद्यांतील एक साधन उपयोगी पडतें, तें म्हणजे खडू. टायरच्या रुंदीभर आडवी जाड रेघ ओढावी व सपाट डांबरी रस्त्यावर शंभरएक पावलें गाडी सरळ चालवावी. रेघ मध्यावरच पुसली गेली तर हवा जास्त, दोन्ही कडांस पुसली तर कमी, सारखी पुसली तर योग्य. आमच्या गाडीस २६ पौंडांवर रेघ सारखी पुसली गेली. दहा पौंडांचा फरक! दाब सकाळीं, टायर थंड असतांना मोजावा. परंतु मऊपणाच्या लोभानें याहून खालीं जाऊन हमरस्त्यावर वेगानें जाणें घातक आहे. टायर तापून फुटतो. आणि हा आंकडा आमच्या गाडीचा, दुसऱ्या गाडीस तो लावूं नये.

दुसरी परीक्षा स्वयंपाकघरांतली. आंस फार वर आला तर चौकटीवर आपटूं नये म्हणून तेथें एक रबरी ठोकळा असतो. त्यावर घट्ट कणकेचा गोळा चिकटवावा आणि नेहमींच्या वाईट रस्त्यावरून एक फेरी मारून यावें. गोळा चेपला असेल तर पाटा नव्हे, ठोकळा आपटतो आहे असें समजावें. तेथें ओझें फार किंवा पाटा फार थकलेला. गोळा जसाचा तसा राहिला, तर दणक्यांचें कारण दुसरें शोधावें. आमचा गोळा शाबूत राहिला.

तिसरी परीक्षा कानाची. दणका चाक उंचवट्यावर चढतांना बसतो कीं उतरतांना? चढतांना बसत असेल तर ताठर पाटा, कडक शॉकअप किंवा कडक टायर. चाक खड्ड्यांत उतरतांना 'खाड्' असा आवाज येत असेल तर शॉकअप आंखूड पडतो आहे. गाडी तीन इंच उचलली पण शॉकअप जुन्याच लांबीचे ठेवले, म्हणजे ते आधींच ताणलेले असतात. चाक थोडें खालीं गेलें कीं हिसका देऊन अडवितात. अशा ठिकाणीं योग्य लांबीचे शॉकअप घ्यावेच लागतात, आणि तो खर्च वायफळ नव्हे. आवाज नाहीं, पण वेगाबरोबर वाढणारी थरथर आहे, ती सपाट रस्त्यावरहि आहे, तर ती गोष्टच निराळी: चाकांचा तोल किंवा उंचीमुळें वांकडा झालेला प्रॉपेलर दांडा. ती मिस्त्रीनेंच पाहावी.

शॉकअप कडक कीं पाटा कडक, हा वाद तोडण्याचा एक मार्ग पाट्यांच्या गाडींत आहे. चारही शॉकअप सोडून, रिकामी गाडी स्वतःच्या आवारांत माणूस चालतो त्या वेगानें एका फळीवरून न्यावी. दणका तसाच राहिला तर शॉकअप निर्दोष. गोल स्प्रिंगांच्या गाडीवर हा प्रयोग करूं नये; तेथें शॉकअपच चाकास खालीं जाण्यापासून अडवितो, आणि तो नसतां स्प्रिंग जागेवरून निसटूं शकते.

आमचा वाद असाच सुटला. मग आमच्या ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यानें कमान पाहिली, हात फिरविला आणि म्हणाला, "मास्तर, ही कमान ट्रकची झालीय. तुम्हांला माणसं न्यायचीत कीं वाळू?" त्यानें प्रत्येक कमानींतील वाढविलेल्या दोन पाट्यांपैकीं एक काढला, उरलेले सुटे करून गंज खरवडला, टोकांच्या धारा घांसून गोल केल्या, मध्यें ग्राफाइटचें ग्रीस भरलें. प्लास्टिकच्या पातळ पट्ट्याहि मिळतात, त्यांनीं धूळ कमी चिकटते. आम्ही ग्रीसवरच भागविलें. शॅकल, म्हणजे पाट्याच्या मोकळ्या टोकाची झुलती कडी, फार बांकामुळें आंतल्या बाजूस ओढली गेली होती. पाटा दबतांना लांब व्हावयाचा असतो, तो तिनें अडवून धरला होता. पाटा काढल्यावर ती आपोआप मोकळ्या टोकाकडे झुकली, जशी असावी तशी. पुन्हां मोजलें तों पुढचा पाटा सव्वासहा सेंटीमीटर दबूं लागला होता, म्हणजे गति दोन. तीन इंचांतला एक इंच गेला, त्याचें पुतण्यास दुःख झालें व आठवड्याभरांत ओसरलें. आक्का मार्गशीर्षांत दापोलीस गेली, वाटेंत दोनदां थांबून. घर पाहून आली आणि आल्यावर गाडीविषयीं एक शब्दहि बोलली नाहीं, तो मी प्रशस्तिपत्र समजतों.

बैठकीचाहि विचार केला पाहिजे. जुन्या जीपमध्यें मागील बाकें नेमकीं मागच्या चाकांवर येतात. तेथें प्रत्येक दणका थेट पोंचतो, शिवाय आडवें बसल्यामुळें कणा वळतो. दोन आंसांच्या मधली जागा सर्वांत शांत, म्हणून वृद्ध माणसास, गरोदर स्त्रीस पुढेंच बसवावें आणि सशक्त तरुणांनीं मागें जावें. आपल्याकडे नेमकें उलट होतें. जाड, भुसभुशीत उशी घेतल्यानेंहि नेहमीं बरें वाटतें असें नाहीं. फार मऊ उशीवर माणूस स्वतःच उसळतो. घट्ट फोमची दोन इंची गादी पुरे. आणि चालविणाराने गतिरोधकांपाशीं दया दाखवावी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमावलींत गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटीमीटर उंच, म्हणजे तासीं २५ किलोमीटरनें ओलांडतां येईल असा सांगितला आहे. गल्लोगल्लीं हातभर रुंदीचे जे उंचवटे घातलेले दिसतात त्यांचा या नियमावलीशीं कांहीं संबंध नाहीं, आणि त्यांवर कोणतीहि कमान पुरी पडत नाहीं.

नव्या गाड्यांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. नाशिकास तयार होणाऱ्या थार गाडीच्या २०१० च्या आवृत्तींत मागें पाटे होते. २०२० च्या आवृत्तीपासून पुढें व मागें गोल स्प्रिंगा आल्या, आणि मूळची चाल पुष्कळ सौम्य झाली. तींत पाट्यांचें घर्षण नाहीं, म्हणून वरील गंजाचा विचार करण्याचें कारण नाहीं. अशा गाड्या उंच करण्यासाठीं बहुधा स्प्रिंगेवर चकत्या घालतात. त्यानें स्प्रिंग कडक होत नाहीं, पण चाकास खालीं जावयाची जागा कमी उरते, आणि खड्ड्यांत 'खाड्' होऊं लागतें. उपाय उंची थोडी उतरविण्याचा, किंवा योग्य लांबीच्या शॉकअपचा. दाबलेल्या गोल स्प्रिंगेत जीवघेणी शक्ति असते. ती घरीं सोडण्याचें धाडस कोणी करूं नये.

कायद्याची बाजूहि सांगतों, कारण ती सांगणारा गॅरेजवाला मला अद्याप भेटलेला नाहीं. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वयें, कारखानदारानें नमूद केलेल्या तपशिलाशीं नोंदणीपत्रांतील तपशील जुळणार नाहीं असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हें पुन्हां स्पष्ट केलें आहे. विमा कंपनीस न कळवितां केलेला फेरफार अपघातानंतर दाव्याच्या आड येतो तो निराळाच. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला कीं वळणावर ती उलटण्याचा संभव वाढतो. हें कोणत्याहि न्यायालयानें सांगण्याची वाट पाहूं नये. म्हणून उंच करणें अद्याप व्हावयाचें असेल तर आधीं आर.टी.ओ. कचेरींत विचारावें, आणि झालेलें असेल तर एखादा इंच उतरविण्यांत संकोच मानूं नये.

पाटे काढून बसविणारांस शेवटीं दोन सूचना. आंसास पाटे बांधणारे यू-बोल्ट जुनेच पुन्हां वापरूं नयेत, ते एकदां ताणले गेलेले असतात. नवे घालावे, आणि पहिल्या दोनशें किलोमीटरांनंतर ते पुन्हां आवळून घ्यावे. रबरी बुश असलेल्या शॅकलचे बोल्ट मात्र गाडी जॅकवर असतांना पुरते आवळूं नयेत. गाडी चारही चाकांवर उभी राहून आपल्या भारानें बसल्यावर आवळावे, नाहीं तर आंतील रबर पिळलेलें राहून नवा ताठरपणा तेथूनच सुरू होतो.